साधं अ‍ॅनोडायझिंग की हार्ड? जॉब पाठवण्याआधी

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमचा जॉब पाठवताना ड्रॉइंगवर नुसतं ‘अ‍ॅनोडाइज’ लिहून भागत नाही. हे काम म्हणजे जॉब आम्लात बुडवून, करंट देऊन त्यावर ऑक्साइडचा थर चढवणं; हार्डमध्ये तो जास्त जाड आणि टणक. साधं असो की हार्ड, आम्ल सल्फ्युरिकच, फरक गारव्याचा आणि करंटचा.

साध्यात 15-20 टक्के आम्ल, 18-22 अंश, चौरस डेसिमीटरला दीड अ‍ॅम्पिअर. करंट गुणिले मिनिटं गुणिले 0.3, की अंदाजे मायक्रॉन निघतात. 35 मिनिटांत 15-16. हार्डची टाकी 0-5 अंशांवर, करंट दुपटीच्या आसपास, आणि थर चढेल तसा व्होल्टेजही चढवावा लागतो. थर 25 ते 60 मायक्रॉन.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा खरी परीक्षा चिलरची, म्हणजे टाकी गार ठेवणाऱ्या यंत्राची. साधी टाकी 24-25च्या वर गेली की थर बनत असतानाच आम्ल तो खातं. वरवर जॉब ठीक दिसतो, पण बोट फिरवा, खडूसारखी पूड लागते. हार्डमध्ये गारवा किंवा ढवळणं कमी पडलं तर कडा आणि कोपरे थेट जळतात. तांबं जास्त असलेल्या 2024 सारख्या मिश्रधातूत तर लवकरच. 6061 हा मिश्रधातू साध्या-हार्ड दोन्हीला चांगला. एडीसी12 या सिलिकॉन जास्त असलेल्या मिश्रधातूच्या कास्टिंगकडून एकसारख्या रंगाची आशाच सोडा.

माप विसरू नका. साधारण अर्धा थर धातूच्या आत जातो, अर्धा बाहेर वाढतो. 50 मायक्रॉनच्या थराने शाफ्टचा व्यास 50 ने वाढतो, पण बाहेरच्या आट्यांचा पिच व्यास (आट्यांच्या उताराच्या मध्यावर मोजलेला) 100 ने. मग नट बसत नाही. आटे झाका, नाहीतर मशिनिंगलाच तेवढी जागा सोडा.

थर टिकतो तो सिलिंगवर, म्हणजे त्यातली सूक्ष्म छिद्रं बंद करण्यावर. न सिल केलेली छिद्रं ओल, तेल, बोटांचे डाग सगळं पितात. रंग द्यायचा असेल तर धुऊन त्याच पाळीत द्या. रात्रभर ठेवलेला जॉब रंग नीट धरत नाही. सिलिंग डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यात, 96 अंशांच्या वर, मायक्रॉनला 2-3 मिनिटं. पाण्यात सिलिका आली की सिलिंग बसत नाही.

घासणाऱ्या भागाला हार्ड घ्या आणि सिलिंग टाळा, त्याने झीज-प्रतिकार घटतो. शिवाय गरम पाण्यात धातू थरापेक्षा जास्त प्रसरण पावतो आणि थराला केसासारख्या भेगा पडतात. पॅनेल, हँडल, नेमप्लेटला साधंच पुरे. हार्डचे पैसे वाया. व्हेंडर निकेल फ्लोराइडचं कोल्ड सिलिंग करत असेल, तर डागाची चाचणी (रंगाचा थेंब टाकून छिद्रं बंद झाली का ते पाहणं) दुसऱ्या दिवशी घ्या. तो थर मुरायला 24 तास लागतात.