टायरची अदलाबदल की कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल)?
फोंड्याच्या जांभ्या जमिनीवर रिमोटची गाडी पळवली की टायर कानशीने घासल्यासारखे झिजतात. एकाच दिशेने फेऱ्या मारून एका बाजूचे टायर जास्त गेले असतील, तर डावे-उजवे बदला. पाच मिनिटांचं काम. पण फक्त आतली कड गुळगुळीत असेल, तर त्याचा काही उपयोग नाही. चाकाची आसावर बसणारी षटकोनी खाच आतल्याच बाजूला असते, त्यामुळे चाक पलीकडे लावलं तरी आतली कड आतच राहते. टायरवर बाणासारखी नक्षी असेल तर तीही उलटी फिरते. अशा वेळी मी कॅम्बरच धरतो. वरची लिंक, म्हणजे चाकाचा वरचा भाग गाडीला जोडणारी दांडी, अर्धा-अर्धा फेरा फिरवून लांब केली की चाकाचा माथा बाहेर येतो. कॅम्बर उणे 3 अंशांवरून (उणे म्हणजे माथा आत झुकलेला) उणे 1 वर आणायचा. वळणावर पकड किंचित सुटते, पण टायर खूप जास्त टिकतात.