स्टॅटिक आयपी घ्यायचा की आयपीव्ही६ चालू करायचा?

दुकानात कॅमेरे बसवले, डीव्हीआर (चित्रण साठवणारी पेटी) राउटरला जोडला, पोर्ट फॉरवर्डिंगही केलं, म्हणजे बाहेरची हाक डीव्हीआरकडे वळवायला राउटरला सांगितलं, तरी बाहेरून मोबाइलवर चित्र दिसत नाही. असा फोन आला की मी आधी विचारतो, राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, काय दिसतोय? सुरुवात १००.६४ ते १००.१२७ यांच्यातली असेल तर पोर्टशी झटापट थांबवा. तो पत्ता इंटरनेटवर चालतच नाही. ब्रॉडबँडवाल्याने एका सार्वजनिक पत्त्यामागे बरीच गिऱ्हाइकं बसवली आहेत. याला सीजीनॅट म्हणतात. तुम्ही पोर्ट उघडता तो घरच्या राउटरवर. बाहेरची हाक अडते ती ब्रॉडबँडवाल्याच्या यंत्रावर.

पुढे दोन वाटा आहेत. जादा पैसे भरून स्टॅटिक आयपीव्ही४, म्हणजे जुन्या पद्धतीचा पण न बदलणारा सार्वजनिक पत्ता, नाहीतर बहुधा जोडणीबरोबरच फुकट येणारा नव्या पद्धतीचा पत्ता, आयपीव्ही६.

आयपीव्ही४ला पैसे पडतात कारण माल संपलाय. १९८१ साली ठरलेल्या या पद्धतीत पत्ते जेमतेम ४२९ कोटी. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटले गेले, आशिया-पॅसिफिकचा नेहमीचा साठा त्याच एप्रिलात आटला. ॲमेझॉनच्या क्लाउडवर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला अर्धा सेंट लागतो, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर.

आयपीव्ही६चा मसुदा १९९८चाच. तरी इतका उशीर का? मुंबई-पुण्याच्या लँडलाइनला पुढे २ लागला तेव्हा जुना नंबर त्यातच राहिला होता. इथे तसं नाही. फक्त आयपीव्ही४ कळणारं यंत्र आयपीव्ही६शी थेट बोलूच शकत नाही. मध्ये दुभाषा लागतो किंवा दोन्ही पद्धती शेजारी शेजारी चालवाव्या लागतात. दुप्पट काम कोण अंगावर घेणार? आपल्याकडे २०१६ मध्ये जिओ आलं ते मुळातच आयपीव्ही६ घेऊन, म्हणून मोबाइलवर भारत बराच पुढे आहे. मागे राहिलेत ते ऑफिसं, जुने डीव्हीआर आणि बायोमेट्रिक मशिनं.

तुमच्या निवडीत हेच आडवं येतं. डीव्हीआरच्या नेटवर्क मेनूत आयपीव्ही६ नसेल तर फुकटचा पत्ता असून उपयोग शून्य. असेल, आणि बघणारा फोनही आयपीव्ही६वर असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंगची कटकटच नाही, कारण प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो. घरातल्या एका नेटवर्कच्या वाट्याला जेवढे पत्ते येतात त्यात आख्खं आयपीव्ही४ इंटरनेट ४२९ कोटी वेळा मावेल. पण मेव्हणा परगावच्या लॉजच्या जुन्या वायफायवरून बघायला गेला तर त्याला काही दिसणार नाही. स्टॅटिक आयपीव्ही४ अशा ठिकाणीही चालतो.

सुरक्षेचं म्हणाल तर नॅटमुळे (एका पत्त्यामागे अनेक यंत्रं बसवण्याच्या पद्धतीमुळे) दार आपोआप बंद राहायचं, तो योगायोग होता. आयपीव्ही६मध्ये राखण राउटरच्या फायरवॉलची. मी एकदा वैतागून ती अख्खीच बंद करून आलो होतो. रात्री लक्षात आलं की डीव्हीआरसोबत प्रिंटरही जगाला उघडा आहे. हव्या त्या पत्त्याचा हवा तोच पोर्ट उघडायचा.

बँक किंवा एखादं पोर्टल ‘तुमचा आयपी कळवा, व्हाइटलिस्ट करतो’ (म्हणजे फक्त त्याच पत्त्याला आत सोडतो) म्हणत असेल तर मुकाट्याने स्टॅटिक आयपीव्ही४ घ्या. तिथे बहुतेकदा तोच मागतात. नुसते कॅमेरे बघायचे असतील तर कंपनीचं क्लाउड ॲपही पुरतं, फक्त दुवा त्यांच्या सर्व्हरमार्फत जुळतो. स्वतःचा सर्व्हर घरी ठेवणाऱ्याला मी आयपीव्ही६च सुचवेन.

आणि आयपीव्ही६ चालू ठेवायला स्टॅटिक सोडावा लागत नाही, दोन्ही एकत्र चालतात. पैसे भरायच्या आधी ब्रॉडबँडवाल्याला विचारा, प्रीफिक्स (आयपीव्ही६ पत्त्याचा सुरुवातीचा भाग) कायम राहतो की राउटर बंद-चालू केल्यावर बदलतो? बदलत असेल तर डायनॅमिक डीएनएस (बदलता पत्ता एका कायम नावाशी जोडून ठेवणारी सेवा) लावावं लागेल, आणि तेही आयपीव्ही६ कळणारं.