दहावी विज्ञानाची ऑनलाइन उन्हाळी बॅच: अर्धी फी वाया, अर्धी वसूल

मानेवाड्याला माझा शिवणक्लास आहे. मे महिन्यात दुपारच्या उन्हात पोरी येत नाहीत, म्हणून यंदा लेकीच्या ऑनलाइन क्लासला कूलरपुढे मीही बसत होते. क्लास नागपुरातलाच, नाव लिहीत नाही. सहा आठवड्यांचे ४,५०० रुपये.

पहिले तीन आठवडे एक सर होते. दीड तास सलग स्लाइड वाचायचे. पोरांचे माइक बंद, कॅमेरे बंद, चॅटमध्ये नुसतं 'येस सर, येस सर'. माझी लेक 'येस सर' टाकून खुशाल मेंदी काढून राहिली होती. आकृत्या मोबाइलवर मुंगीएवढ्या दिसायच्या. शनिवारी टेस्ट व्हायची, तिचा निकाल १० पैकी ६, बस्स. चार कुठे गेले, का गेले, काही नाही. बाही उलटी लावली म्हणून मी पोरीचे नुसते गुण कापले, तर ती दुसरी बाहीपण उलटीच लावेल ना!

चौथ्या आठवड्यात मॅडम आल्या. धडा होता प्रकाशाचे अपवर्तन, म्हणजे काचेतून हवेत असं जाताना किरण वाकतो ते. दहाच मिनिटं बोलल्या आणि थांबल्या. "काचेतून हवेत जाणारा किरण तिरपा करत नेला तर काय होईल? आधी वहीत अंदाज लिहा, फोटो पाठवा, मगच हात लावा." मग फेट (PhET) उघडायला लावलं, म्हणजे विज्ञानाचे प्रयोग स्क्रीनवरच करून पाहायची (सिम्युलेशन्सची) वेबसाइट. नोबेलवाले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेलं हे काम, चक्क फुकट आहे, आणि त्यातली बरीच सिम्युलेशन्स मराठीतही आहेत. वर काच, खाली हवा निवडायची, लेझर फिरवायचा, कोनमापक ठेवायचा.

लेकीनं लिहिलं होतं, किरण वाकेल पण बाहेर येईलच. ४० अंशाला आलाही. ४२ ला गायब!

"आई, इकडे ये ना लवकर! लाइट बाहेरच नाही येऊन राहिला!"

(४२ अंश ऐकून मला आधी बाहेरचं ऊनच आठवलं.) सगळा किरण परत काचेत वळला होता. तिनं दोन-चारदा मागेपुढे करून पाहिलं, आपला अंदाज स्वतःच खोडला, आणि त्यानंतर मॅडमनी सांगितलं, याला म्हणतात पूर्ण आंतरिक परावर्तन. माझ्या क्लासमध्येही कापड हातात दिल्याशिवाय मी 'तिरपा काट' हा शब्द काढत नाही. दोन दिवसांनी ऐन क्लासात लाइन गेली, वायफाय गेलं. पण मॅडमनी फाइल आधीच उतरवून ठेवायला सांगितली होती, पोरगी लॅपटॉपच्या बॅटरीवर करत बसली.

मॅडमचंही सगळंच जमलं असं नाही. पाच-पाच जणांचे गट पाडायच्या, त्यात दोघेच बोलायचे, बाकीचे चूप. रेकॉर्डिंग दोन दिवसांत गायब व्हायचं. आणि मराठी माध्यमाच्या पोरांना टेस्टमध्ये 'रिफ्रॅक्शन' विचारायचं, हे काय बाप्पा? पुस्तकात तर अपवर्तन आहे.

आमच्या शाळा जूनच्या शेवटी उघडतील, त्याआधी पुढच्या बॅचची फी मागून राहिले आहेत. त्याच मॅडम असतील तर भरते म्हणून ऑफिसात सांगून आले. टाइमटेबल अजून पाठवलेलं नाही.