ढासळता नदीकाठ: गॅबियन भिंत की वाळा-निर्गुडी?

कृष्णाकाठची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. पुरात पाणी पिऊन ती जड होते आणि पाणी ओसरताना दरड खाली बसते.

पूल किंवा घर अगदी कडेला असेल, तर गॅबियनच, म्हणजे दगडांनी भरलेल्या तारेच्या जाळीच्या पेट्यांची भिंत, घाला. दगड 15 ते 25 सेंटिमीटरचा हवा, म्हणजे तो जाळीतून निसटत नाही. मागे गाळण-कापड नसेल तर माती दगडांतून निघून जाते आणि भिंतीमागे पोकळी पडते. पायथा उकरला की भिंत पुढे झुकते.

शेताच्या काठाला मात्र झाडोराच लावावा. भिंत प्रवाहाचा जोर खालच्या शेतावर ढकलते, झाडोरा तो मोडतो. उभा काठ तासून 1:2 उतार (एक मीटर उंचीला दोन मीटर आडवं) करा, काथ्याची जाळी खुंट्यांनी आवळा. वाळ्याचे ठोंब 15 सेंटिमीटरवर, समपातळीच्या ओळीत लावा. त्याची मुळं 2-3 मीटर खोल जातात. निर्गुडीच्या अंगठ्याएवढ्या फांद्या दोन तृतीयांश मातीत खोचा. लागवड पूर ओसरल्यावर, ऑक्टोबरात करा आणि उन्हाळाभर पाणी द्या. जूनमध्ये लावलेलं रोप मुळं धरण्याआधीच वाहून जातं. पायथ्याशी दगडांची रांग इथेही लागतेच. पहिली दोन वर्षं गुरं आत येऊ देऊ नका.