निवडून घेतलेले शेअर की निफ्टीचा फंड: दोन्ही करून बघितलेल्या माणसाचं मत

भाच्याला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत नोकरी लागून वर्ष झालं. घरी देऊन, गाडीचा हप्ता भरून महिन्याला आठ हजार उरतात म्हणतो. परवा उद्यमनगरात माझ्या वर्कशॉपवर आला आणि चहा घेता घेता म्हणाला, "मामा, चार चांगले शेअर स्वतः निवडू, का सरळ निफ्टीचा फंड लावून टाकू?" निफ्टी म्हणजे देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक, इंडेक्स, आणि त्याचा फंड त्याच पन्नास कंपन्यांचे शेअर घेऊन ठेवतो. शेअर ठेवायचं डिमॅट खातं त्याचं आधीच आहे, महिन्याच्या हप्त्याची एसआयपी माझ्यापेक्षा त्याला जास्त कळते. तेव्हा ते सगळं सोडून देतो. दोन्ही मी करून बसलोय, तेवढं सांगतो. माझा कल कुठं आहे हे लपणार नाही, पण तो कल एका वैतागातून आलाय, हे आधीच कबूल केलेलं बरं.

भाच्याची भीती एकच होती: भाव फार वर-खाली होतात. वर-खाली होणं आणि धोका असणं या दोन गोष्टी आपण एकाच पोत्यात भरतो. कोल्हापूरच्या माणसाला खरं तर हा फरक समजवावा लागू नये. जुलैत रोज सकाळी आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. 39 फुटांना इशारा, 43 ला धोका. पाणी दिवसात दोन फूट चढतं, रात्रीत एक फूट उतरतं, आणि आपण गंगावेशीत दूध पीत उभे असतो. आकडा हलतोय म्हणून कोण घर सोडत नाही. 2019 ला आणि 2021 ला आपली खरी पंचाईत झाली ती शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं तेव्हा. रस्ता बंद. ट्रकच्या ट्रक जागेवर उभे. पातळी कितीही असो, बाहेर पडायची वाट मोकळी आहे तोवर माणूस निभावून नेतो.

आता फंडाचं. फेब्रुवारी 2018 पासून निफ्टी इंडेक्स फंडात माझे महिन्याला पाच हजार जातात. मार्च 2020 पर्यंत सव्वीस हप्ते गेले होते, म्हणजे 1 लाख 30 हजार. 23 मार्चला सकाळी पहिल्या तासातच बाजार दहा टक्के पडला, पाऊण तास व्यवहार थांबवले, पुन्हा सुरू झाले आणि संध्याकाळी निफ्टी 13 टक्के खाली 7,610 ला बंद झाला. जानेवारीत तोच 12,300 च्या वर होता. माझे 1 लाख 30 हजार 90 हजारांच्या आसपास आले. बाजाराची धाकधूक मोजणारा इंडिया विक्स एरवी पंधराच्या आगेमागे असतो, तो त्या आठवड्यात 80 च्या वर गेला होता. पोटात गोळा आला नाही असं म्हणणार नाही. पण एक गोष्ट होती: त्या दिवशी तीनच्या आत अर्ज टाकला असता तर त्याच दिवसाच्या भावानं युनिट मोडली गेली असती आणि दोन-तीन कामाच्या दिवसांत पैसे खात्यात आले असते. मार खाऊन आले असते, पण आले असते. मी टाकला नाही. त्यात शहाणपण कमी, लॉकडाऊनमध्ये दुसरं काही सुचत नव्हतं हे जास्त. नोव्हेंबरात निफ्टी जानेवारीच्या वर गेला.

मग अंगात आलं. 2021 मध्ये जो तो शेअर घेत होता. माझ्या डोक्यात एक कंपनी होती, कास्टिंगशी संबंधित, छोटी. नाव सांगत नाही, कारण चूक तिची किती आणि माझी किती हे मला अजून ठरवता येत नाही. म्हटलं, हा आपलाच धंदा. फाउंड्रीत कुठल्या महिन्यात काम असतं, कच्च्या लोखंडाचा भाव वाढला की कोणाचं कंबरडं मोडतं, हे मला कागदावरून वाचायची गरज नाही. 184 रुपयांनी 1,200 शेअर घेतले. दोन लाख वीस हजार आठशे. काही महिन्यांत 240 झाला. सासरे म्हणत होते तसं गुजरीत जाऊन सोनं घेतलं नाही ते बरं झालं, असं मी चारचौघांत बोलूनही दाखवलं.

एका संध्याकाळी कंपनीच्या हिशेबांबद्दल बातमी आली. भाव 232 वर होता. दुसऱ्या दिवशी सव्वानऊला पाच टक्के खाली उघडला आणि तिथंच चिकटला. लोअर सर्किट. त्या शेअरला दिवसाला पाच टक्क्यांचीच मुभा होती.

ज्यानं ते बघितलं नाही त्याला सांगतो पडद्यावर काय दिसतं. डावीकडं खरेदीवाले: शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. उजवीकडं विकणारे: पाच लाखांच्या घरात शेअर, सगळे त्या एकाच भावाला. त्या पाच लाखांत माझे 1,200. भाव सगळ्यांचा सारखाच, त्यामुळं ज्याची ऑर्डर आधी त्याचा नंबर आधी. मी रात्रीच ऑर्डर टाकून ठेवायला लागलो. सकाळी नऊला फोन हातात. दुपारी साडेतीनला "ऑर्डर रद्द". परत रात्री नवी, पाच टक्के कमी भावाची. वर ॲप इमानेइतबारे दाखवत होतं: तुमच्या गुंतवणुकीचं मूल्य 2 लाख 38 हजार. मग 2 लाख 26 हजार. कुणाच्या लेखी मूल्य? घ्यायला एक माणूस उभा नव्हता.

अशा अकरा सकाळी गेल्या. मला खरा राग पैशाचा आला नाही, या आकड्याचा आला. बाजार समितीत गूळ पडून राहिला तर निदान ढेपा डोळ्यांसमोर असतात, आणि भाव पाडून मागणारा का होईना कुणीतरी येतो. इथं भाव लिहिलेला आहे पण सौदाच नाही. पाचव्या का सहाव्या दिवशी लेथवर माझ्यासमोर बुशचा जॉब होता. तेलकट अंगठ्यानं मी तो पडदा खाली ओढतोय, परत ओढतोय, आणि पोरगं म्हणतंय, "ओ मालक, बोअर वाढलाय न्हवं." दोन दशांश मिलिमीटर. जॉब भंगारात. बाराव्या दिवशी खालच्या बाजूला थोडे खरेदीवाले आले, 126 ला माझे शेअर गेले. हातात 1 लाख 51 हजार. 31 टक्के गेले. ते भरून काढायला उरलेले पैसे 46 टक्के वाढायला हवेत, हे गणित मी त्या दिवशी खडूनं पत्र्यावर मांडलं होतं.

आता गंमत बघा. दिवसाच्या हेलकाव्यानं मोजलं तर 23 मार्चचा निफ्टी माझ्या शेअरपेक्षा अडीच पट भयंकर होता. तिकडं 13 टक्के, इकडं पाच. आलेख काढला तर माझ्या शेअरचा जिना अगदी शिस्तीत उतरताना दिसेल. एवढंच नाही, घेताना मी त्याचा बीटा, म्हणजे बाजाराच्या तुलनेत शेअर किती हलतो तो आकडा, बघितला होता, 0.6 च्या आसपास. म्हणजे बाजारापेक्षा कमी हलणारा, असं मी समजलो. नंतर लक्षात आलं, ज्या शेअरमध्ये रोज मोजकेच सौदे होतात त्याचा भाव हलायला कारणच मिळत नाही, म्हणून तो आकडा लहान येतो. शांत पाणी नव्हतं ते. पाणीच कमी होतं.

तुलना करताना लोक परताव्याचे तक्ते काढतात. मी एवढंच बघतो की वाईट बातमीच्या दिवशी बाहेर पडता येतं का, आणि एका कंपनीनं दगा दिला तर माझं किती जातं. दुसऱ्या प्रश्नाला सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीसारखं उदाहरण नाही. 7 जानेवारी 2009 ला अध्यक्षांनीच हिशेब फुगवल्याची कबुली दिली आणि शेअर एका दिवसात तीन चतुर्थांशाहून जास्त कोसळला. सत्यम तेव्हा निफ्टीत होती. म्हणजे इंडेक्सवाल्यांच्या पदरातही ती होतीच. पण पन्नासातली एक. काही दिवसांत तिला काढून दुसरी घेतली, आणि त्याच वर्षी निफ्टी 75 टक्क्यांच्या आसपास वाढला. ज्यानं नुसती सत्यम धरली होती त्याला हे ऐकून काय वाटलं असेल ते त्यालाच माहीत. ही आत-बाहेर करण्याची भानगड फंडात आपल्याला करावी लागत नाही, आणि फंडानं आतल्या आत विकलं तर त्याचा कर आपल्या माथी येत नाही. हे मला त्यातलं सगळ्यात आवडतं.

शेअरवाल्यांवर अन्याय नको. मी केली तशी छोट्या कंपनीची निवड करायचं बंधन कुणावर नाही. मोठ्या, वायद्यात असलेल्या, म्हणजे ज्यांच्या शेअरचे पुढच्या तारखेचे सौदेही चालतात अशा कंपन्यांना असलं ठरीव सर्किट नसतं. पडल्या तरी घेणारा असतो, आणि पैसे फंडापेक्षा लवकर, पुढच्याच कामाच्या दिवशी मोकळे होतात. खर्चाचं म्हणाल तर फंडासारखा वर्षाकाठी रकमेतून कापला जाणारा टक्काही नाही. शिवाय स्वतः निवडण्यात मजा आहे, ती फंडात औषधालाही नाही. मिसळीच्या टेबलावर "माझा निफ्टी फंड आहे" असं म्हटलं तर समोरचा पाव मागवतो. माझ्या ओळखीत एक सीए आहेत, दर तिमाहीला निकाल वाचतात, टिपणं काढतात, आणि त्यांचं चांगलं चाललंय. भाचा तसा वेळ देणार असेल तर मी आडवा पडणार नाही. मात्र चार-पाच शेअरवर भागत नाही, वेगवेगळ्या धंद्यांतले पंधरा-वीस तरी लागतात, आणि आठ हजारांत ते जमवताना जीव जाईल.

फंडही गंगेचं पाणी नाही. पन्नास कंपन्या म्हणताना त्यात बँका आणि वित्तसंस्थांचाच साधारण तिसरा हिस्सा आहे, त्यामुळं बँका आजारी पडल्या की सगळ्यांनाच ताप. आणि जानेवारी 2008 मध्ये 6,300 ला पोचलेला निफ्टी त्याच वर्षी ऑक्टोबरात 2,500 च्या आसपास आला, परत त्या जागी यायला 2013 ची दिवाळी उजाडली. जवळपास सहा वर्षं. हप्ते भरत राहिलेल्यांचं तितकं वाईट झालं नाही, पण ज्यांनी एकरकमी घातले आणि 2010-11 ला मुलीची फी भरायची होती, त्यांच्यासाठी ती नुसती वर-खाली नव्हती. तीन-चार वर्षांत लागणारा पैसा मी दोन्हीकडं ठेवत नाही, बँकेत ठेवतो.

बँकेत म्हणालो, पतसंस्थेत नाही. आपल्याकडं दीड टक्का व्याज जास्त म्हणून पतसंस्थेत ठेवणारे पुष्कळ, आणि त्यांना ते सगळ्यात निर्धोक वाटतं, कारण पासबुकावरचा आकडा कधी खाली येत नाही. पण बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, पाच लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. आकडा न हलणं म्हणजे धोका नसणं नव्हे, हे माझ्या 0.6 बीटाच्याच जातीचं प्रकरण.

भाच्यानं मधेच ऑप्शनचा, म्हणजे पुढच्या भावावर लावायच्या सौद्यांचा, विषय काढला. बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2024 मध्ये आकडे दिलेत: तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी 93 टक्के तोट्यात. त्यावर मी चहाचा दुसरा कप मागवला आणि विषय बदलला.

माझं सध्या असं आहे. हप्ता पाचाचा दहा हजार केलाय आणि तो निफ्टीच्या फंडात जातो. एकूण रकमेच्या दहाव्या हिश्श्याइतके शेअर अजून ठेवलेत, सवय सुटत नाही म्हणून. पण घ्यायच्या आधी आता नफा-तोट्याच्या पत्रकाअगोदर ती डावीकडची रांग बघतो, सलग पंधरा दिवस, बाजार पडलेल्या दिवशी खास करून. रांग पातळ दिसली की कंपनी कितीही ओळखीची असो, सोडून देतो. यात चांगल्या छोट्या कंपन्या हातून जात असतील. जाऊंद्यात. भाच्याला म्हटलं, आठातले सात फंडात टाक, एक हजारात तुझी हौस कर. त्यानं पाच-तीन केलंय असं बहिणीकडून कळलं.

काल रात्री त्याचाच मेसेज होता. मी 126 ला विकलेला तो शेअर म्हणे 171 झाला, खाली हसणारा चेहरा आणि भावाचा फोटो. फोटो मोठा करून बघितला. खरेदीची रांग त्यात आलेली नव्हती.