शेताच्या बांधाशी आलेली वसाहत: आराखडा, विकास हक्क की थेट खरेदी?

अमेरिकेतील इलिनॉय राज्यात 1820 च्या सुमारास सुमारे 2 कोटी 20 लाख एकर प्रेअरी, म्हणजे नैसर्गिक गवताळ माळरान होते. त्यातील मूळ स्थितीत टिकलेला भाग आज सुमारे दोन हजार एकर आहे. बाकीचे नांगराखाली गेले, पण गवताच्या खोल मुळांनी हजारो वर्षांत घडवलेली काळी माती शेतकऱ्यांच्या हाती राहिली. आता शिकागो आणि मॅडिसनसारख्या शहरांच्या कडेला तीच माती घरांच्या पायाखाली जात आहे, आणि एकदा वरचा थर खरवडून वसाहत उभी राहिली की ते शेत पुन्हा शेत होत नाही. शेजारच्या शिवारात बिल्डरची चौकशी सुरू झाली असेल आणि गावकरी एकत्र येऊ पाहत असतील, तर त्यांच्यापुढे मुख्यतः तीन मार्ग असतात.

पहिला मार्ग जमीन वापराच्या आराखड्याचा. विस्कॉन्सिनमध्ये मॅडिसनच्या दक्षिणेला डन नावाचे टाउन आहे, म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीसारखा स्थानिक कारभार. तेथील रहिवाशांनी सत्तरच्या दशकात वाढत्या घरबांधणीला विरोध करून स्थानिक कारभाराची दिशा बदलली आणि 1979 मध्ये असा आराखडा स्वीकारला की शेतजमिनीवर साधारण 35 एकरांमागे एकच घर बांधता यावे. या मार्गाला पैसा कमी लागतो, मात्र बैठकांना सातत्याने हजर राहणारी माणसे लागतात. त्याची उणीव मात्र मोठी आहे. आज झालेला ठराव उद्या निवडून आलेले मंडळ बदलू शकते, आणि लगतच्या शहराने जमीन आपल्या हद्दीत घेतली की टाउनचा आराखडा तिला लागू राहत नाही.

डनच्या लोकांनी ही उणीव ओळखली, आणि मला त्यांचे सर्वाधिक मोल वाटते ते इथे. 1996 मध्ये त्यांनी मतदानाने स्वतःवरच मालमत्ता कर वाढवून घेतला. मालमत्तेच्या दर हजार डॉलर मूल्यामागे 50 सेंट, आणि त्या रकमेतून शेतकऱ्यांचे विकास हक्क, म्हणजे जमिनीवर वसाहत उभारण्याचे हक्क, विकत घेण्यास सुरुवात झाली. हा दुसरा मार्ग. जमीन शेतकऱ्याचीच राहते. तो ती कसतो, विकतो, मुलांना देतो. परंतु तिथे वसाहत न उभारण्याचे बंधन दस्तात कायमचे नोंदले जाते. सातबाऱ्यावरील इतर हक्कांच्या रकान्यात बोजा चढावा आणि तो खरेदीदारालाही बांधील राहावा, तसेच हे. शहराची हद्द वाढली तरी हे बंधन सुटत नाही. इलिनॉयमधील केन काउंटीने (काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखा कारभार) 2001 पासून असाच कार्यक्रम नदीवरील कॅसिनोच्या उत्पन्नातून चालवला. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या योजनेतून या हक्कांच्या किमतीचा निम्म्यापर्यंत भाग मिळू शकतो, आणि हक्क दान करणाऱ्या पात्र शेतकऱ्याला उत्पन्नाच्या 100 टक्क्यांपर्यंत करवजावट 15 वर्षे पुढे नेता येते. निवृत्तीजवळ आलेल्या ज्या शेतकऱ्याची सारी पुंजी जमिनीतच अडकलेली आहे, त्याला आराखडा केवळ मनाई करतो; हा मार्ग त्याला मोबदला देतो. मोबदल्याविना त्यागाची अपेक्षा करणे मला न्याय्य वाटत नाही.

तिसरा मार्ग थेट खरेदीचा, आणि तो फार थोड्यांना झेपणारा आहे. शिकागोच्या उत्तरेला ग्रेजलेक येथे 2,400 घरांचा बेत होता आणि त्यावरून वर्षानुवर्षे कज्जा चालला. अखेर 1987 मध्ये शेजाऱ्यांच्या गटाने कंपनी स्थापून ती 677 एकर जमीन विकत घेतली. त्यांनी तिथे प्रेअरी क्रॉसिंग ही वसाहत उभारताना 359 स्वतंत्र घरे आणि 36 सदनिका एवढ्यावरच बांधकाम थांबवले, निम्म्याहून अधिक जमीन मोकळी राखली आणि त्यात सेंद्रिय शेतीलाही जागा ठेवली. घर पुन्हा विकले गेले की किमतीच्या अर्धा टक्का रक्कम संवर्धनाच्या कामासाठी जाते, ही व्यवस्था मला फार दूरदृष्टीची वाटते. तरीही या शिवाराचा काही भाग घरांखाली गेलाच, आणि तेवढे भांडवल उभे करू शकणारे शेजारी सर्वत्र नसतात.

म्हणून प्रस्ताव अद्याप दाखल झालेला नसेल, तर आधी आराखडा करून घ्यावा आणि मिळालेल्या अवधीत विकास हक्कांसाठी निधी उभारावा. त्यातही शहराच्या हद्दीलगतच्या शेताचे हक्क प्रथम घ्यावेत, कारण आराखड्याचे संरक्षण तिथेच सर्वांत आधी सुटते. जमिनीचा सौदा ठरत आला असेल, तर विकास हक्कांची प्रक्रिया वेळेत पुरी होणे कठीण असते. तेव्हा खरेदीचा विचार करावा, पण कोणती जमीन कधीच बांधली जाणार नाही हे पहिल्याच दिवशी दस्तात नोंदवून. कोणताही कायमचा करार करताना त्याची दरवर्षी पाहणी कोण करील आणि उल्लंघन झाल्यास न्यायालयाचा खर्च कोण उचलील, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे.