फ्लेक्स कुणाचा लावायचा : दक्षिण आफ्रिका की न्यूझीलंड?

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला कोल्हापुरातल्या आमच्या पेठेत हा प्रश्न पडत नाही. ब्राझील की अर्जेंटिना, हे घराघरात ठरलेलं असतं, बापाकडून पोराकडं आलेलं. पण तालमीतल्या चार पोरांना आता रग्बीचं वेड लागलंय आणि परवा त्यांनी थेट विचारलं, "दादा, २०२७ ला फ्लेक्स कुणाचा? वर्गणी एकदाच निघणार, तेव्हा नीट सांगा." त्यांच्या डोक्यात दोनच नावं होती. म्हणून हा हिशेब.

रग्बीचा वर्ल्ड कप ऑस्ट्रेलियात आहे, १ ऑक्टोबर ते १३ नोव्हेंबर २०२७. पहिल्यांदाच २४ संघ. सिडनीत रात्री आठला सुरू झालेली मॅच आपल्याकडं दुपारी अडीचला लागेल, म्हणजे मध्यरात्री चहा उकळत बसायला नको. नवरात्र आणि दिवाळी मात्र याच दिवसांत येतात, त्यामुळं चौकात फ्लेक्सला जागा मिळवणं हाच पहिला सामना.

दोन्ही लावू म्हणाल तर तेही जमणार नाही. न्यूझीलंडच्या गटात ऑस्ट्रेलिया, चिली आणि हाँगकाँग आहेत. आफ्रिकेच्या गटात इटली, जॉर्जिया आणि रोमानिया. दोघं आपापल्या गटात पहिले आले आणि पुढची एकेक मॅच जिंकले, तर उपांत्यपूर्व फेरीतच समोरासमोर येतात. एक फ्लेक्स तिथंच उतरणार. गटाचं बघितलं तर आफ्रिकेची वाट सोपी आहे, न्यूझीलंडला यजमानांशीच झुंजायचं आहे.

कपाटातले कप मोजले तर आफ्रिकेचे चार (१९९५, २००७, २०१९, २०२३) आणि न्यूझीलंडचे तीन (१९८७, २०११, २०१५). पण मला कपांपेक्षा ते कुठं जिंकले हे महत्त्वाचं वाटतं. न्यूझीलंडनं तीनपैकी दोन फायनल आपल्याच ऑकलंडच्या ईडन पार्कवर मारल्या. तिथं ते १९९४ पासून हरलेले नाहीत, घरच्या आखाड्यातला पैलवानच म्हणा. आफ्रिकेनं चारपैकी तीन कप परक्या देशात उचलले. २०२७ ची फायनल सिडनीत आहे. एक खरं, सलग तीन वर्ल्ड कप आजवर कुणालाच जिंकता आलेले नाहीत आणि आफ्रिका तिसऱ्याच्याच मागं आहे.

आता खेळ. शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलेल्या डोळ्याला न्यूझीलंड आधी आवडेल. पास वेगात फिरतो, पकडलेला गडीही चेंडू मागच्याच्या हातात सोडून देतो, आणि स्वतःच्या हद्दीत मिळालेल्या चेंडूवर ते पलीकडं धावत सुटतात. मॅचआधीचा त्यांचा हाका, म्हणजे माओरी युद्धनाच, बघून निर्णय घेणार असाल तर पुढं वाचूच नका, काळी जर्सी घ्या.

आफ्रिकेची मजा खासबागेत कुस्ती बघत बसलेल्याला कळते. स्क्रममध्ये दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा भिडवून रेटतात आणि आफ्रिकेचा रेटा मॅचच्या शेवटी जास्त जाणवतो. त्याचं कारण राखीव बाकावर आहे. बाकावर आठ जण असतात. बहुतेक संघ त्यात पाच फॉरवर्ड (स्क्रममध्ये रेटणारे) आणि तीन बॅक (मागून चेंडू घेऊन पळणारे) ठेवतात. आफ्रिकेनं २०१९ च्या फायनलला सहा-दोन ठेवले आणि २०२३ च्या फायनलला चक्क सात-एक. समोरचे दमले की यांचे ताजे धिप्पाड गडी एकदम उतरतात. हे वस्तादांना समजावून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे एकाला दमवायचं दुसऱ्यानं आणि चितपट करायचं तिसऱ्यानं? असली कुस्ती आम्हाला कुणी लावली नाही." यात धोकाही आहे. सात-एक ठेवल्यावर सुरुवातीलाच दोन बॅक जायबंदी झाले तर बाकावर बदली बॅक एकच असतो.

२०२३ ची फायनल १२-११ अशी संपली. न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पूर्वार्धातच लाल कार्ड घेऊन बाहेर गेला, तरी एकाच गुणानं हार. त्यांनी उत्तरार्धात एक कन्व्हर्जन (चेंडू रेषेपार टेकवल्यावर मिळणारी जादा गुणांची किक) आणि शेवटी एक लांबची पेनल्टी चुकवली. आफ्रिकेनं त्याआधीच्या दोन बाद फेऱ्याही एकेका गुणानंच काढल्या होत्या. नशीब म्हणायचं तर म्हणा, मी सलग तीनदा असं झाल्यावर सवय म्हणतो.

नंतरचा हिशेब एकतर्फी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये ईडन पार्कवर न्यूझीलंड २४-१७ नं जिंकलं. पुढच्याच आठवड्यात वेलिंग्टनला आफ्रिकेनं त्यांना ४३-१० असं लोळवलं, न्यूझीलंडचा आजवरचा सगळ्यात मोठा पराभव. नोव्हेंबरात आफ्रिकेनं पॅरिसला फ्रान्सला आणि डब्लिनला आयर्लंडला हरवलं, तर न्यूझीलंड इंग्लंडकडून हरलं. जानेवारी २०२६ मध्ये न्यूझीलंडच्या कोचला जावं लागलं. वर्ल्ड कपला दोन वर्षंही उरली नसताना वस्ताद बदलणं मला तरी काळजीचं वाटतं. आफ्रिकेचे कोच रासी इरास्मस जागेवर आहेत.

आफ्रिकेची दुखरी बाजू वय. कर्णधार सिया कोलिसी आणि धिप्पाड फॉरवर्ड एबेन एट्झेबेथ दोघंही १९९१ चे, म्हणजे छत्तिशीच्या आसपास. पण मागं साशा फाइनबर्ग-म्न्गोमेझुलू तयार आहे, २००२ चा जन्म. त्यानं २०२५ मध्ये अर्जेंटिनाविरुद्ध एकट्यानं ३७ गुण केले. शिवाय आफ्रिका परदेशी क्लबांत खेळणाऱ्यांनाही संघात घेते. न्यूझीलंड घेत नाही, म्हणूनच त्यांचा रिची मोउंगा जपान सोडून परत येतोय. तो लयीत आला तर माझं गणित थोडं हलेल.

तर पोरांनो, फ्लेक्स हिरवा, म्हणजे आफ्रिकेचा छापा. मोठा नको, लहानच. उरलेली वर्गणी उपांत्यपूर्व फेरी होईपर्यंत खजिनदाराकडं राहू दे. आणि ज्याला मनापासून काळी जर्सी आवडते त्यानं ती खुशाल घालावी, फक्त त्या दुपारी मिसळीचं बिल कोण भरणार हे आधी ठरवून यावं.